तीन काडतुसं

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गेल्या मे महिन्यात सत्तरी ओलांडली. त्याच आठवड्यात मी मलकापूरला गेलो होतो. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "रायफल तुझ्या नावावर करून घ्यायची काय न्हाई, एकदा सांगून टाक."

२०१६च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच ते वारसाच्या नावे परवाना काढून देता येतं. तात्या दोन्ही अटींत बसतात. रायफल त्यांनी १९८६ साली घेतली. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, .३१५ बोअरची, अक्रोडी दस्त्याची. शाहूवाडी तालुक्यात रान जवळ, घर गावाबाहेर, शेत त्याहून लांब. तेव्हा कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. आता वाटतं. कारण रायफल चालवायची तर काडतूस हवं, आणि .३१५चं काडतूस मागणारी माणसं वर्षागणिक कमी होताहेत. ज्या दुकानातून तात्या काडतुसं आणत, तिथला माणूस सांगतो की नवा परवाना काढणाऱ्यांना हल्ली पिस्तूल नाहीतर रिव्हॉल्व्हर हवं असतं. कमरेला लागतं, लग्नात दिसतं. रायफल कोण बाळगतो?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बंदुकीचा चाप मी आयुष्यात एकदाही ओढलेला नाही. तरी त्या रात्री माझ्या मनात पहिल्यांदा 'हो' आलं, आणि ते कुठून आलं हे मला लगेच कळलं. ते आठवी-नववीत वाचलेल्या पुस्तकांतून आलं. गावातल्या वाचनालयात जिम कॉर्बेट मराठीत होता, केनेथ अँडरसनही. आमच्या माळ्यावरची रायफल आणि त्या पुस्तकांतली रायफल एकच, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. निर्णय घ्यायच्या आधी ती पुस्तकं पुन्हा वाचावीत असं ठरवलं. ह्या वेळी वाघ मोजायचे नाहीत, काडतुसं मोजायची.

तीन

कॉर्बेटचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ साली मुंबईत छापलं गेलं. त्यातली चंपावतच्या वाघिणीची गोष्ट १९०७ सालची. ४३६ माणसं मारल्याची नोंद असलेली वाघीण, आणि तिच्यामागे गेलेला तिशीतला कॉर्बेट. लहानपणी ह्या गोष्टीतलं मला काय आठवत होतं? दरी, हाका, रक्ताचा माग, गवतातून येणारी वाघीण. आता वाचताना ज्या वाक्याशी थांबलो ते लहानपणी निसटलेलं होतं. त्या दिवशी कॉर्बेटकडे काडतुसं फक्त ३ होती. एक-दोन बार टाकायची संधी मिळेल आणि तिसरं अडीनडीला, असा त्याचा हिशेब. तिन्ही उडाली. वाघीण जखमी झाली, पण उभीच होती. मग हा शिकारी डोंगर चढून तहसीलदाराकडे धावतो, त्याच्या हातातली बंदूक घेतो आणि परत खाली पळतो. ती बंदूक कशी? नळी आणि मागचा ठोकळा यांच्यात फट पडलेली. तिच्यातून उडालेली गोळी तोंडाच्या नेमाने सोडलेली, पण लागते पंजाला. वाघीण मरते ती आधीच्या दोन गोळ्यांनी.

शिकारकथा सांगणाऱ्याने एवढं उघडं करायची काही गरज नव्हती. घटना आणि पुस्तक यांच्यात ३७ वर्षं गेली होती, खोडून काढायला साक्षीदारही फारसे उरले नसतील. कॉर्बेट चांगला लेखक का आहे, याचं उत्तर बरेच जण त्याच्या रानाच्या ज्ञानात शोधतात. मला ते ह्या हिशेबात दिसतं. किती नेली, किती उडाली, कुठे लागली, कुठे चुकली, हे तो सांगतो. त्यामुळे वाचकाला धोक्याचं माप मिळतं. 'मी अत्यंत बिकट प्रसंगात सापडलो' ह्या वाक्याला माप नसतं. 'खिशात काडतूस नव्हतं' ह्याला असतं.

पण त्याच गोष्टीत आणखी एक हिशेब आहे, आणि तिथे कॉर्बेट थांबत नाही. हाक्यासाठी माणसं गोळा करताना तहसीलदाराने आसपासच्या गावांत कळवलं होतं की विनापरवाना हत्यारांकडे आज आपण डोळेझाक करू, वर लागेल तर दारूगोळाही देऊ. माणसं आली २९८. त्यांनी आणलेली हत्यारं पाहून कॉर्बेटला एखादं संग्रहालय भरेल असं वाटतं. तो गमतीने लिहितो, आपणही गमतीने वाचतो.

आता विचार करा. ४३६ माणसं मेली. गावोगावी चोरून ठेवलेल्या बंदुका होत्या. त्या बाहेर काढायला एका अधिकाऱ्याने एका दिवसापुरती मुभा द्यावी लागली. का? कारण लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा एतद्देशीयांसाठी गुन्हा होता, आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. कॉर्बेट नैनितालला जन्मला, कुमाऊँवर त्याचा जीव होता, ह्यात शंका नाही. पण वाघिणीसमोर तो एकटा उभा आहे यामागे त्याचं धैर्य जेवढं आहे तेवढाच तो कायदाही आहे. तहसीलदाराच्या बंदुकीतली ती फट कॉर्बेट काटेकोरपणे टिपतो. सरकारी अधिकाऱ्याच्या हातात असली बंदूक, तर बाकीच्यांच्या हातात काय असेल, हा प्रश्न मात्र विचारत नाही. माझ्या मते शिकारकथा नावाच्या सगळ्या वाङ्मयप्रकाराची मर्यादा ह्या एका जागी दिसते. नायक एकटा का आहे, हे ती सांगत नाही.

पाच

जॉर्ज ऑर्वेलचा १९३६ सालचा 'शूटिंग अ‍ॅन एलिफंट' शिकारकथा म्हणून कुणी वाचत नाही. मी ह्या वेळी तसाच वाचला. ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी असलेला निवेदक पिसाळलेल्या हत्तीची खबर ऐकून निघतो, तेव्हा त्याच्याकडे .४४ची जुनी विंचेस्टर असते. हत्तीसाठी ती अपुरी आहे हे तो पहिल्याच फटक्याला सांगतो. पुढे तो हत्ती मारायची रायफल मागवतो. शिपाई येतो तो रायफल आणि ५ काडतुसं घेऊन. तीन गोळ्यांत हत्ती खाली बसतो, पण मरत नाही. उरलेल्या दोन तो छातीत घालतो. तरी मरत नाही. मग लहान रायफल मागवून गोळ्यांमागून गोळ्या, आणि ह्या गोळ्यांचा आकडा ऑर्वेल देत नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पाचपर्यंत मोजणारा माणूस पुढे मोजायचं सोडतो. पाच काडतुसांपर्यंत तो अधिकारी आहे, नंतर फक्त एक माणूस आहे, ज्याला ते दृश्य संपायला हवं आहे. कॉर्बेटच्या गोष्टीत काडतुसं संपल्यावर धैर्य सुरू होतं. ऑर्वेलच्या निबंधात काडतुसं संपल्यावर लाज सुरू होते. दोघांनीही मोजलं म्हणूनच हा फरक आपल्याला दिसतो.

नावं

केनेथ अँडरसन बंगळूरचा. जन्म १९१०, मृत्यू १९७४. कॉर्बेटइतका तो नेटका नाही. त्याच्या गोष्टी फुलतात, भुतंखेतं येतात, संवाद जरा जास्तच रंगतात. पण एक गोष्ट तो कधी विसरत नाही, ती म्हणजे त्याची .४०५ विंचेस्टर. हे काडतूस अमेरिकेत १९०४ साली आलं. थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली ते आफ्रिकेत नेलं आणि गाजवलं. नंतर ते मागे पडत गेलं. अँडरसन मात्र दक्षिणेतल्या रानांत तेच वागवत राहिला. त्याच्या पुस्तकांत रायफलीचं नाव जवळजवळ एखाद्या जुन्या नोकराच्या नावासारखं येतं. हे प्रेम खरं असेल, पण त्याने लेखनाचं थोडं नुकसान झालं आहे. रायफल सवयीची झाली की ती चुकत नाही, आणि चुकली नाही की वाचकाला माप मिळत नाही.

काडतुसांच्या नावांची एक वेगळीच कथा आहे आणि ती ह्या पुस्तकांत सापडत नाही. चंपावतच्या वाघिणीबद्दल कॉर्बेटला १९०७ साली रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बी. हे अस्सल इंग्रजी वाटणारं काडतूस म्हणजे जर्मन माउझरचं ७ गुणिले ५७, लंडनच्या दुकानात बारसं झालेलं. त्याच सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली. फौजेच्या जुन्या बंदुकांची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. लंडनच्या कारखानदारांनी मग .४६५, .४७० अशी नवी मापं काढली. पुढे शिकारीच्या पुस्तकांत ही मापं एखाद्या घराण्याच्या नावासारखी मिरवली. ती वाघाकडे बघून ठरलेली नव्हती, फाइलीकडे बघून ठरलेली होती.

आणि मग आमची .३१५. हिचं मूळ नाव ८ गुणिले ५० आर मानलिखर. १८९०च्या आसपास ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी तयार झालेलं काडतूस. पहिल्या महायुद्धात त्या साम्राज्याचे शिपाई हेच घेऊन लढले. साम्राज्य बुडालं, आणि १९३०च्या दशकात ऑस्ट्रिया आणि हंगेरीने सैन्यासाठी नवं काडतूस घेतलं. जिथे जन्मलं तिथे ते संपलं. हिंदुस्थानात मात्र ते उरलं, त्याचं कारणही फाइलीतलंच. ब्रिटिश सैन्याचं काडतूस .३०३, म्हणून ते नागरिकांना निषिद्ध. मग ब्रिटिश कारखान्यांनी .३०३च्याच धाटणीच्या रायफली ह्या परक्या काडतुसासाठी घडवून इथल्या बाजारात आणल्या. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने तीच वाट पुढे नेली. निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर हा भेद आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यानेही ठेवला.

तात्यांच्या डब्यातल्या काडतुसांच्या बुडावर के-एफ अशी अक्षरं आहेत. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली पुण्याची खडकी. तो कारखाना १८६९चा. मी मेट्रोने त्या बाजूने कितीदा गेलो असेन. व्हिएन्नाच्या सैन्याचं काडतूस, इंग्रजांच्या भीतीमुळे टिकलेलं, खडकीत भरलेलं, मलकापुरात माळ्यावर ठेवलेलं. कामावर मी एका जुन्या प्रणालीची देखभाल करतो. ती मूळ कंपनीने कधीच सोडून दिली आहे, पण दोन बँकांचे व्यवहार तिच्यावर अडकलेत म्हणून ती जिवंत आहे. .३१५ अशीच आहे. ती चांगली म्हणून टिकली नाही. दुसरं काही चालत नव्हतं म्हणून टिकली.

ह्या काडतुसावर शिकारीचं वाङ्मय नाही. त्याचं वाङ्मय आहे ते हिंदी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तांत. उत्तर प्रदेश-बिहारच्या बातम्यांत '३१५ बोर का तमंचा' हे शब्द इतके नेहमीचे आहेत की वाचणारा थांबतही नाही. कारण साधं. गावठी कट्टा कुणीही घडवील, काडतूस घडवता येत नाही. म्हणून जे काडतूस बाजारात मिळतं त्याच्याच मापाचा कट्टा. कॉर्बेट ज्या २९८ माणसांच्या बंदुकांना हसला, त्यांची पुढची गोष्ट ही आहे. ती लिहायला कुणी कॉर्बेट आलेला नाही.

आपल्याकडे

मराठीत शिकारकथा कमी नाहीत. जुने दिवाळी अंक चाळले की एखाद-दुसरी सापडतेच. मी वाचलेल्या बहुतेकांत एकच उणीव दिसली. सावजाचं वर्णन भरपूर, चांदणं भरपूर, मचाणावरची थंडी तर हमखास. पण बंदूक कुणाची, काडतूस कुठून आलं, किती होती, याबद्दल अक्षर नाही. 'बार टाकला आणि डुक्कर कोलमडलं.' एका बारात? दर वेळी? लेखक खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. पण चुकलेल्या गोळीला त्याच्या गोष्टीत जागा नाही, आणि चुकलेली गोळी नसेल तर लागलेल्या गोळीवर मी विश्वास का ठेवू?

कोल्हापूरकरांना तर हा प्रश्न जास्तच लागू होतो. आमच्याकडे शिकार ही संस्थानाची गोष्ट. दाजीपूरचं रान हे राजघराण्याचं राखीव शिकारीचं रान होतं. ते १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात भुसा भरलेले प्राणी आहेत, हत्यारंही आहेत. शाळेच्या सहलीत आम्ही वाघाच्या जबड्यासमोर गर्दी केली होती. हत्यारांच्या दालनातून मात्र पटपट पुढे गेलो. आमच्या शिकारकथा मला त्या सहलीसारख्या वाटतात.

ह्याला मोठा अपवाद व्यंकटेश माडगूळकरांचा. बंदूक आणि शिकार त्यांना अनोळखी नव्हती. पण 'नागझिरा'त ते रानात राहतात ते बघण्यासाठी. तिथे बंदूक नाही, आणि गंमत म्हणजे शिकाऱ्याची सगळी शिस्त शाबूत आहे. वारा कुठून येतो, पाणवठ्यावर कोण आधी आलं, कोण बिचकलं, किती वेळ बसलो. मोजणं आहे, फक्त मोजायची वस्तू बदलली आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकारकथेचा आधारच गेला असं म्हणतात. माडगूळकरांचं लेखन वाचताना उलट वाटतं. काडतूस गेलं, पण हिशेब राहिला तर गोष्ट राहते. काडतुसाबरोबर हिशेबही नसेल, तर ती आधीच गेलेली होती.

माझ्या ह्या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल आणि तो मला खोडता येत नाही. मोजणं हीसुद्धा लेखकाची युक्ती असू शकते. ३ हा आकडा गोष्टीला फार शोभतो. चार असती तर गोष्ट एवढी उतरली नसती. कॉर्बेटने ती खरंच ३ नेली होती की ३७ वर्षांत ती ३ झाली, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही. तरीही आकडा देणारा लेखक स्वतःला पकडता येईल अशी जागा वाचकाला देतो. न देणारा देत नाही. एवढा फरक मला पुरतो.

सात

ऑगस्टमध्ये पुन्हा गावी गेलो तेव्हा चंपावतची गोष्ट तात्यांना वाचून दाखवली. ते पुस्तकं वाचत नाहीत, पण ऐकतात नीट. तीन काडतुसांच्या जागी त्यांनी मला थांबवलं. "तीनच का नेली? परवान्यावर तेवढीच हुती काय?"

मी हसलो. मग लक्षात आलं की इतक्या वर्षांत कॉर्बेटवर मी वाचलेल्या कुठल्याही लेखात हा प्रश्न नव्हता. तात्यांच्या आयुष्यात काडतूस म्हणजे परवान्याच्या पुस्तकातली ओळ. दरसाल किती घ्यायची ते ठरलेलं, घेतलेल्याची नोंद दुकानदाराच्या सहीने. ते पुस्तक त्यांनी काढून दाखवलं. पानं पिवळी, मधे नूतनीकरणाचे शिक्के. आम्ही दोघांनी बेरीज केली. १९८६पासून आजवर ४५ काडतुसं घेतली. डब्यात ७ आहेत. म्हणजे ३८ उडाली.

"कशावर?" मी विचारलं.

"हवेत." मग जरा थांबून म्हणाले, "गवं हाकलाय. दोन डाव डुकराच्या अंगावर. लागली न्हाईत."

गवा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारण्याचा प्रश्नच नाही, आणि तात्यांच्या मनातही ते कधी नव्हतं. डुकराचं सांगताना मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पीकसंरक्षणासाठी कायदा जी बंदूक डोळ्यांसमोर ठेवतो ती ठासणीची. रायफल त्यासाठी नव्हतीच. मग ती होती कशासाठी? तात्या म्हणाले, घरात आहे हे गावाला ठाऊक होतं, तेवढ्यासाठी. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. चाळीस वर्षांत त्या रायफलीने सगळ्यात जास्त प्रवास केला तो आमच्या घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत.

हे परवान्याचं पुस्तक मी वाचलेल्या कुठल्याही मराठी शिकारकथेपेक्षा प्रामाणिक आहे. त्यात एकही प्राणी नाही. ३८ चुकलेल्या गोळ्या आहेत आणि प्रत्येकीचा खरेदीचा दिवस आहे.

मी तात्यांना नाही म्हणालो. उसाचं नुकसान होतं, गेल्या वर्षीही गव्यांनी भात तुडवला, हे मला ठाऊक आहे, आणि पुण्यात बसून नाही म्हणणं सोपं आहे हेही ठाऊक आहे. भरपाईचे अर्ज मी भरून देतो, कुंपणाच्या अर्ध्या खर्चाचं बघतो. पण रायफल नको. मला ती शेतासाठी नको होतीच. मला ती वाचलेल्या पुस्तकांसाठी हवी होती, आणि त्या पुस्तकांतल्या माणसाच्या हातात ती कशी आली ते आता मला माहीत आहे.

तात्या काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रायफल काढली, नळीतून चिंधी फिरवली, तेल लावलं, बोळ्याने पुसली. मी डबा धरून बसलो होतो. विकायला परवानाधारक दुकानदाराकडे नेता येईल, आणि तो किंमत काय देईल याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

"हिचं काडतूस मिळतंय तवर कुणीतरी घील," ते म्हणाले. डब्यातली सात काडतुसं त्यांनी पुन्हा एकदा मोजली आणि झाकण लावलं.